शाळेत गायलेल्या चाली मूळच्या कुणाच्या?

पेटीवाला_नौपाडा: समोरच्या शाळेत आज परिपाठाला 'ऐ मालिक तेरे बंदे हम' लागलं, त्यावरून सुचलं. प्रार्थना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठ, पण वसंत देसाईंनी ही चाल बांधली ती पडद्यावरच्या कैद्यांसाठी. 'दो आँखें बारह हाथ', १९५७. गोष्टीचं बीज औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात. 'हमको मन की शक्ति देना'ही त्यांचीच ('गुड्डी', १९७१). पहिली भैरवी, दुसरी केदार. अशा चाली टाका. जमलं तर स्वरांसकट, नुसतं 'कुठंतरी ऐकलंय' नको.

वाशीकर: 'इतनी शक्ति हमें देना दाता' राहिलं की! 'अंकुश', १९८६, संगीत कुलदीप सिंग. बेकार पोरांच्या मारामारीच्या सिनेमातलं 😄

स्वरा७: ट्विंकल ट्विंकल. सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. आता याच स्वरांवर एबीसीडी म्हणा. तीच चाल. 'एल एम एन ओ' ही चार अक्षरं मात्र दोन मात्रांत, चारही 'रे'वर. म्हणून बालवाडीतली पोरं 'एलेमेनो' असं एकच अक्षर समजतात. शिकवताना तेवढ्या जागी लय निम्मी करा.

कोपरीचा_बाळ्या: मोझार्टची ना ती?

स्वरा७: नाही हो. फ्रेंच चाल, १७६१ साली छापलेली. मोझार्ट तेव्हा पाच वर्षांचा. त्याने पुढे तिच्यावर १२ व्हेरिएशन्स (त्याच चालीची बदलती रूपं) रचली. इंग्रजी कविता तर १८०६ची. बा बा ब्लॅक शीप त्यातलंच, पण तिथे 'प प'नंतर ध नि सां ध प. ट्विंकलमध्ये 'नि' लागतच नाही.

ऐरोलीची_काकू: हॅपी बर्थडेचं उलटं. शाळेतून घरात आलं. १८९३, केंटकीच्या हिल भगिनींचं 'गुड मॉर्निंग टू ऑल', बालवाडीसाठी. दादऱ्यात (सहा मात्रांचा ताल) बसतं. तिसऱ्या ओळीत खालच्या 'प'वरून थेट मधल्या 'प'वर उडी, अख्खं सप्तक. सुरुवात उंच केली की सगळ्यांचे गळे तिथेच फुटतात. मुलांना काळी दोनचा (पेटीची दुसरी काळी पट्टी) 'सा' द्या. कुकर झाला, येते.

कळवा_स्लो: 'हम होंगे कामयाब'. पहिली ओळ प प ध ध प म ग. आता जुनं लॅटिन स्तोत्र 'ओ सँक्टिसिमा' बघा: प ध प म ग म प. नातं कानाला कळतं. मूळ इंग्रजी 'वी शॅल ओव्हरकम' १९४५ला अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांनी संपात गायलं, तिथून हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत, मग लोकगायक पीट सीगरकडे. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे.

खोपट_२: 'नाच रे मोरा' कुणीच नाही?? 'देवबाप्पा', १९५३, चाल पुलंची. अर्ध्या पोरांना ते पुस्तकातलंच वाटतं.

वाशीकर: पेटीवाले, विषयांतर. पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या पेटीचा पंचम बोट उचललं तरी वाजतच राहतो.

पेटीवाला_नौपाडा: लाकूड फुगलंय. आधी त्या पट्टीखालची स्प्रिंग तपासा, मग पट्टी शेजारणीला घासते का ते. घासत असेल तर बारीक पॉलिशपेपरचे दोनच हात मारा. खालचं चामडं मऊ ब्रशने झटका, कचरा अडकला की ते नीट बसत नाही. उन्हात ठेवू नका, लाकूड चिरतं. रीडला (आतली सूर देणारी धातूची पट्टी) हात नको! टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो.

वाशीकर: पट्टीच घासत होती 🙏