‘श्यामची आई’ नेमकी कोणाच्या हाती द्यावी?

गंगापूर रोडची वाचक

आमच्या भागातील एका शाळेच्या पालकसभेत नुकतीच प्रत्येक आईला ‘श्यामची आई’ची स्वस्त आवृत्ती भेट देण्यात आली. सभेला चार-पाच वडीलही आले होते, पण त्यांना फक्त चहा मिळाला. अशी आई घरोघर असेल तर मुलांच्या हातातला मोबाईल आपोआप सुटेल, असे व्यासपीठावरून सांगण्यात आले आणि टाळ्याही पडल्या. सानेगुरुजींचे हे पुस्तक मला प्रिय आहे. परंतु आयांना मोजण्याची पट्टी म्हणून ते वापरले जाते याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि या विषयावर इतरांचे मत काय आहे हे मला जाणून घ्यायचे आहे.

माझे म्हणणे असे. हे पुस्तक गुरुजींनी 1933 साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहायला घेतले आणि ते 1935 साली प्रसिद्ध झाले. लिहिणारा तेहतीस वर्षांचा अविवाहित माणूस होता. त्याची आई 1917 साली गेली होती आणि तिची अखेरची भेट आपल्याला लाभली नाही ही बोच त्याच्या मनातून कधी गेली नव्हती. पुस्तकाची रचनाही पाहावी. आश्रमातील प्रार्थना आटोपल्यावर मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा या 42 रात्री आहेत. सांगणारा मुलगा आहे आणि ऐकणारेही कोणाचे तरी मुलगेच आहेत. आई या बैठकीत कोठेच नाही. आपण मुलाला असे का वाढवले, कोणत्या दिवशी आपण थकलो होतो, कोणत्या दिवशी आपले चुकले असे आपल्याला वाटले, हे तिच्या बाजूने सांगायला तिला एकही रात्र मिळालेली नाही. मुलाने कृतज्ञतेने लिहिलेले असे पुस्तक मुलांनी वाचावे हे उघड आहे. ते आयांच्या हाती देऊन ‘आता अशा व्हा’ असे सांगणे म्हणजे श्राद्धाच्या दिवशी केलेल्या स्तुतीवरून जिवंत माणसाची परीक्षा घेण्यासारखे आहे.

जुना शिक्षक, पंचवटी

ताई, आपण मांडलेली माहिती बरोबर आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आईवडिलांनी केलेले संस्कार दिसतात कोठे? ते मुलाच्या आठवणीतच दिसतात. आपण मुलासाठी काय केले याची यादी प्रत्येक पालकाजवळ असते, परंतु त्यातले मुलाच्या मनात काय उरले हे फक्त मुलगाच सांगू शकतो, आणि म्हणून मुलाने लिहिलेले पुस्तक पालकांच्या अधिक उपयोगाचे आहे.

न्हाऊन आलेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपल्या लुगड्याचा पदर दगडावर पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे त्याला सांगते, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यात पैसा लागत नाही, खास वेळ काढावा लागत नाही, मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मुलाचा हट्ट आधी पुरवला आणि त्याच हट्टाला धरून शिकवण दिली, एवढेच तिने केले. मी शाळेत असताना हा उतारा वर्षानुवर्षे शिकवला आणि मागच्या बाकावरची मुलेसुद्धा तेवढा वेळ गप्प बसत. पुस्तकाचे हक्क मुक्त झाल्यापासून ते अगदी अल्प किमतीत मिळते, तेव्हा एखाद्या शाळेने ते वाटले तर त्यात आयांचा अपमान कसा होतो, हे मला समजले नाही.

अंबडची आई

सर, मी सांगते कसा होतो ते. माझी पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते. कंपनीची बस सहाला चौकात येते. त्याआधी दोन डबे भरलेले असतात आणि मुलगी झोपेतच असते. तिला शाळेच्या रिक्षात बसवते ती माझी सासू. पदर पसरायला आईने न्हाणीच्या दाराशी उभे असावे लागते, आणि त्या वेळी मी कारखान्याच्या फाटकाशी असते. हे पुस्तक हातात ठेवून माझ्याकडे पाहणाऱ्याच्या नजरेत काय असते, ते मला न सांगताच कळते.

दुसरी गोष्ट पोहण्याच्या प्रसंगाची. पाण्याला भिऊन घरात लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीवर पाठवते, आणि नंतर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येते. आपण सारे त्या पाण्याविषयी बोलतो, वळांविषयी कोणी बोलत नाही. भित्र्या मुलाला मारून पाण्यात ढकलावे, असे आज कोणता पोहण्याचा शिक्षक सांगेल? शिक्षण हक्क कायद्याने 2009 साली शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. जे शाळेला करता येत नाही, त्याचा गौरव करणारे पुस्तक त्याच शाळेने पालकांना वाटावे, हे मला विचित्र वाटते.

सातपूरकर

शिंपटीविषयी मी ताईंच्या बाजूने आहे, परंतु पुस्तकाविषयी नाही. या पुस्तकात आई जेवढी आहे तेवढेच घरही आहे, आणि ते घर कर्जापायी बुडत चाललेले आहे. वडील भावांच्या भांडणात आणि कोर्टकचेऱ्यांत अडकलेले आहेत, दागिने गेले आहेत, सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येऊन घरातल्या बाईविषयी नको ते बोलतो आणि तेव्हा हीच सोशिक आई पुढे येऊन त्याला खडसावते. हा भाग पालकसभेत कोणी वाचून दाखवतो का? आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, तो घरोघर पोहोचला, आणि पुष्कळांच्या मनात पुस्तकाऐवजी त्यातली चार-दोन दृश्येच राहिली. मूळ पुस्तक बापाने वाचावे असे आहे. पैशाचे निर्णय बायकोपासून लपवून ठेवणाऱ्या बापाने तर नक्कीच वाचावे.

काळाराम परिसर

एका प्रकरणाकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहितो. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका म्हातारीला मोळी उचलू लागण्यासाठी आई श्यामला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले जात होते तेव्हा याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह चालूच होता आणि मंदिराची दारे बंदच होती. मंदिरात पाऊल टाकण्यासाठी माणसे बाहेर लाठ्या आणि दगड खात असताना, मोळी उचलून मग आंघोळ करण्याला करुणेचा धडा म्हणून मुलांसमोर ठेवणे मला पटत नाही. आजही हे प्रकरण वर्गात कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय वाचले जाते. त्या म्हातारीच्या घरचा मुलगा त्याच वर्गात बसलेला असतो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

जुना शिक्षक, पंचवटी

आपला मुद्दा गंभीर आहे, पण तो अर्धाच आहे. ती आई विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोकणातील ब्राह्मण घरातली आहे. गावातल्या लोकांना जे सहन होणार नव्हते ते तिने मुलाला करायला लावले, आणि आंघोळ हा तिने त्या गावाशी केलेला समझोता होता. गुरुजींनी तो समझोता झाकून ठेवला नाही, जसा होता तसा लिहिला. आणि ते स्वतः तेथे थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. त्या मोळीपासून पंढरपूरपर्यंतचा रस्ता मुलांना दाखवायचा असेल तर मोळीचे प्रकरण गाळून कसे चालेल?

काळाराम परिसर

गाळा असे मी म्हटलेले नाही. न बोलता पुढे जाऊ नका, एवढेच म्हटले आहे. आणि पंढरपूरचे श्रेय गुरुजींना द्यायचे असेल तर त्याच तासाला काळारामाचा सत्याग्रहही शिकवावा, कारण तो आपल्या शहरातला आहे आणि पंढरपूरच्या सतरा वर्षे आधीचा आहे.

कॉलेज रोड

चर्चा बरीच जड झाली आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. माझे लग्न अलीकडेच झाले आहे आणि मला हे पुस्तक एका नवराबायकोचे म्हणूनही फार आवडते. आई भाजीत मीठ घालायला विसरते, आणि वडील ती अळणी भाजी एक शब्द न बोलता खातात, वर तिची स्तुती करतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला ते कळते. बायकोने राबून केलेल्या स्वयंपाकाला नाव ठेवायचे नाही म्हणून बेचव घास गिळणारा नवरा, आणि आपण अळणी भाजी वाढली म्हणून हळहळणारी बायको. यांच्यात एकही लाडिक शब्द नाही, पण प्रेम यापेक्षा वेगळे काय असते?

अंबडची आई

प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण भाजी अळणी आहे हे सर्वांच्या शेवटी तिलाच कळले, कारण सर्वांच्या शेवटी जेवायला तीच बसली. पंक्तीत सोबत बसली असती तर पहिल्याच घासाला मिठाचा डबा पुढे आला असता आणि कोणालाच मोठेपणा दाखवावा लागला नसता.

गंगापूर रोडची वाचक

हे वाक्य मी त्या शाळेला पाठवणार आहे, ताईंची हरकत नसेल तर. सरांच्या मुद्द्याला उत्तर देते. मुलाच्या आठवणीतून आईवडिलांना शिकता येते हे खरे, पण त्यासाठी ती आठवण आपल्या मुलाची असावी लागते. माझ्या मुलाला माझ्याविषयी काय आठवेल हे मला श्यामकडून कळणार नाही. गुरुजींना मोठ्या माणसाने मुलांशी कसे बोलावे हे सांगायचे असे तेव्हा त्यांनी आपल्या पुतणीला पत्रे लिहिली. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती छापलेली आहेत, आणि त्यांत काका स्वतःच्या आवाजात बोलतो. पालकांना काही वाटायचेच असेल तर तो संग्रह वाटावा, आणि ‘श्यामची आई’ आठवीच्या मुलांना द्यावी; मुलींना आणि मुलग्यांना सारखीच.

जुना शिक्षक, पंचवटी

पत्रांविषयी मी सहमत आहे, परंतु आयांकडून पुस्तक काढून घेण्यास माझा विरोध कायम आहे. एखादी गोष्ट वाचून ओझे वाटते म्हणून ती वाचायलाच देऊ नये, हा न्याय लावला तर शाळेच्या कपाटात फारसे काही उरणार नाही. पुढच्या सभेला मी स्वतः जाणार आहे आणि वडिलांच्या नावाने वेगळी प्रत द्यावी असे सुचवणार आहे. शाळेकडे तरतूद नसेल तर पहिल्या दहा प्रतींचे पैसे मी देईन.

अंबडची आई

सर, त्यातली एक प्रत आमच्या घरी पाठवा. यजमानांची या आठवड्यात रात्रपाळी आहे, दुपारी त्यांना वेळ असतो. घराचे हप्ते अजून अकरा वर्षे आहेत, तेव्हा सातपूरकरांनी सांगितलेले कर्जाचे प्रकरण त्यांनी आधी वाचावे असे मला वाटते. पोहण्याचे प्रकरण मुलीच्या हाती लागण्याआधी तिच्याशी काय बोलायचे, ते आम्ही दोघे ठरवू.