सर्दी, घसा, खोकला: घरी काय करता आणि डॉक्टरकडे कधी जाता?

गळकं_छप्पर
पाऊस थांबला तरी आमच्याकडे गळती चालूच, सगळ्यांची नाकं. लेक नर्सरीत जायला लागल्यापासून एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. पेडिअ (मुलांचे डॉक्टर) म्हणतात या वयात वर्षाला 6 ते 8 वेळा सर्दी नॉर्मल, दोनशेच्या वर व्हायरस आहेत म्हणे. ऐकायला ठीक आहे, पण रात्री नाक चोंदून रडणारं पोर मांडीवर असलं की हे गणित डोक्यात जातं. तर आपापले अनुभव लिहा. "आमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही" वाल्यांनी कृपया लांबून जावे.

गवतीचहा
आलं, गवती चहा, तुळस, गूळ, आणि मिठाच्या गुळण्या. कोरडी ढास लागली की झोपताना चमचाभर मध चाटायचा. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही हं, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) धोका असतो. यावरून माझं आणि सासूबाईंचं चांगलंच वाजलं होतं, शेवटी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा पटलं. ओव्याच्या पुरचुंडीने शेकण्यावर मात्र आमचं एकमत.

काउंटरपलीकडून
मेडिकल चालवतो, सांगली जिल्हा. गिऱ्हाईक येतं, "घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या". म्हणजे अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक. चिठ्ठी? नाही. अहो त्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती शोभेची नाही, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा त्याचा अर्थ. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे सांगितलं की लोक म्हणतात मागच्या वेळी तीन दिवसांत बरं वाटलं होतं. वाटणारच, गोळी घेतली तेव्हा सर्दी उतारालाच लागलेली असते ना! मी देत नाही, मग ते समोरच्या दुकानात जातात.

डचवासी
@काउंटरपलीकडून, आमच्याकडे उलटं. नेदरलँड्समध्ये ताप, खोकला काहीही घेऊन जा, हाउसआर्ट्स (फॅमिली डॉक्टर) म्हणणार पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा. पहिल्या हिवाळ्यात बायको एवढी वैतागली की पुण्याहून औषधांची अख्खी पिशवी मागवायला निघाली होती. नंतर मला खोकल्याबरोबर धाप लागायला लागली तेव्हा त्याच डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचून सीआरपी (इन्फेक्शन किती जोरात आहे याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) बघितला, 20 च्या खाली असेल तर शक्यतो अँटिबायोटिक नाही आणि 100 च्या वर गेला तर द्यायचंच असा साधारण हिशोब असतो. माझा पंधराच्या आसपास आला, घरी पाठवलं. चिडचिड झाली खरी, पण बरा झालो.

तिखटमीठ
पण सरसकट "वाट बघा" पण नको हां. माझ्या मुलाला एकदम ताप, गिळताना रडायचा, मानेला गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. आणि नाक कोरडं, खोकला नाही. डॉक्टर म्हणाले हेच लक्षात ठेवा, घसा एवढा दुखतोय आणि सर्दी-खोकला नाही म्हणजे स्ट्रेप (घशाचं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन) असू शकतो. तपासणीत तोच निघाला. अमॉक्सिसिलिन पूर्ण 10 दिवस दिलं. ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उतरला आणि घरात सगळे म्हणायला लागले बास आता, कशाला पोराला गोळ्या. मी ऐकलं नाही, कारण माझ्या मावशीला लहानपणी अशाच घशानंतर सांधे सुजले होते, र्‍हुमॅटिक फीवर, आणि चाळिशीत हृदयाची झडप बदलायला लागली. छातीवरचा व्रण बघितलाय मी.

नाकपुडी_नं_2
चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरू नका. आमचे बंधुराज उशीखाली बाटली ठेवून झोपायचे, थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद, की परत थेंब. ईएनटीने स्टेरॉइड स्प्रे दिला आणि एकेका नाकपुडीचे थेंब बंद करायला लावले. अर्धं नाक चालू, अर्धं बंद, घरात सगळ्यांची करमणूक.

गळकं_छप्पर
हिरवा शेंबूड म्हणजे इन्फेक्शन, अँटिबायोटिक हवंच, असं शेजारच्या काकू छातीठोकपणे सांगतायत. खरं का?

तिखटमीठ
नाही गं. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळा-हिरवा होतो, पांढऱ्या पेशींमुळे. रंगावर जाऊ नकोस. 10 दिवस उलटले तरी कमी नाही, किंवा बरं वाटून परत ताप चढला, तर सायनस बघायला ने. आणि पोराचा श्वास भरभर चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील तर रात्र असली तरी निघायचं.

गवतीचहा
आणि लहानांना पातेल्याची वाफ नको. आमच्या सोसायटीत पातेलं मांडीवर कलंडून एक मुलगी भाजली. सलाइनचे थेंब नाकात घाल, पुरतं.

काउंटरपलीकडून
खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर मात्र थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबीचं नाव काढलं की लोक रागावतात, रागावू देत.

डचवासी
बाबांचं पुण्यात हेच केलं. थुंकी निगेटिव्ह, एक्सरे स्वच्छ, काढे, ज्येष्ठमध, अडुळसा सगळं झालं, ढास जाईना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं बीपीची कुठली गोळी चालू आहे. रॅमिप्रिल. तिच्यामुळेच काहींना अशी कोरडी ढास लागते म्हणे. त्यांनी ती बदलून दिली, काही आठवड्यांत खोकला गायब. आई अजून म्हणते अडुळशानेच गेला.