तो काळा ड्रेस शेवटी आपल्याकडेच आला म्हणायचा

वर कोणीतरी म्हटलंय की हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न म्हणजे काळा ड्रेस, मोत्यांची माळ आणि लांब सिगारेट होल्डर, बाकी सगळं पोस्टरवाल्यांनी फुगवलेलं. अर्धं पटलं. पोस्टर अती झालंय हे खरंच, उशीच्या अभ्र्यापासून कॉफीच्या मगपर्यंत बाई सगळीकडे. पण त्या बारीक अंगकाठीला नुसती फॅशन म्हणू नका राव, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या उपासमारीत, हॉलंडमध्ये लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते आणि ही पंधरा वर्षांची पोरगी तिथेच होती, उपाशी. पुढे १९९२ ला युनिसेफसाठी दुष्काळातल्या सोमालियात गेली ती काय उगाच नाही, आणि त्यानंतर चारच महिन्यांत गेली बिचारी.

आणि त्या ड्रेसचंच म्हणाल तर एक गंमत. फ्रेंच फॅशन डिझायनर जिवांशीने तिच्या १९६१ च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ सिनेमासाठी केलेल्यांपैकी एक ड्रेस त्याने दोमिनिक लापिएरला देऊन टाकला, तोच कोलकात्याच्या वस्तीवर लिहिणारा फ्रेंच लेखक. २००६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात त्याचे ४,६७,२०० पौंड आले आणि ते पैसे गेले लापिएरच्या संस्थेला, म्हणजे भारतातल्या गरिबांच्या कामाला! आता बोला.