कंपायलर अधूनमधून कोसळतो: दोष जीसीसीचा की संगणकाचा? सल्ला हवा

खानापूरकर:
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यासाठी मी सी++ मध्ये सॉफ्टवेअर लिहितो आणि ते खानापुरातील घरच्या संगणकावरच बिल्ड करतो. पूर्ण प्रकल्प बिल्ड करताना जीसीसी (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर) मध्येच 'इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे मेमरीच्या भलत्या जागी हात घातल्याची चूक, असे सांगून थांबतो. तीच आज्ञा पुन्हा दिली की ती फाईल बिनतक्रार कंपाइल होते आणि गाडी भलत्याच फाईलवर अडते. संगणक असेंबल केलेला असून त्यात आठ कोअरचा रायझेन प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि उबुंटू आहे. कंपायलरची आवृत्ती बदलावी की रॅम बदलावी?

टिळकवाडी:
आत्ताच काही विकत घेऊ नका. कंपायलरमध्ये खरोखर बग असेल, तर त्याच फाईलवर, त्याच ओळीपाशी तो दरवेळी कोसळायला हवा. आपल्याकडे जागा बदलते आहे, म्हणजे संशय यंत्रावरच जातो. उबुंटूतील जीसीसी कोसळल्यावर तीच फाईल स्वतःच पुन्हा कंपाइल करून पाहतो आणि चूक पुन्हा घडली नाही, तर दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचा असावा, असे संदेशाखालीच लिहितो. ती ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत.

मात्र 'किल्ड' असा शब्द दिसत असेल, तर प्रकरण निराळे. टेम्प्लेटने भरलेली एखादी सी++ फाईल एकटीच एक जीबीहून अधिक मेमरी खाते. अशा अनेक फाईली एकाच वेळी कंपाइल होऊ लागल्या की मेमरी संपते आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) त्यांपैकी एखादी प्रक्रिया मारून टाकतो. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद सापडेल. तसे असल्यास बिल्ड चालवणाऱ्या 'मेक'ला दिलेली समांतर कामांची संख्या कमी करावी, एवढाच उपाय.

तशी नोंद नसेल, तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा.

खानापूरकर:
'किल्ड' कुठेही नाही. मेमटेस्टमध्ये पहाटेपर्यंत काही लाल ओळी उमटल्या, आणि त्या सगळ्या मेमरीतील जवळपास एकाच पत्त्याच्या आहेत. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम अधिक वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे. एप्रिलचा उकाडा आणि वरचेवर खालीवर होणारे व्होल्टेज यांचाही हात असेल का?

निपाणीकर:
मेमटेस्टमधील एकही चूक क्षम्य नसते. उकाडा आणि व्होल्टेज या गोष्टी दुर्बळ भागाला अधिक उघडे पाडतात, पण चूक वारंवार एकाच पत्त्यावर येते तेव्हा बहुधा रॅमची एखादी पट्टीच सदोष असते. तरीही प्रथम एक्सएमपी बंद करून रॅम तिच्या मूळ वेगावर चालवा, कारण एक्सएमपी हे एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच आहे. चुका थांबल्या तर खर्च वाचला. न थांबल्यास एका वेळी एकच पट्टी, त्याच स्लॉटमध्ये बसवून तपासा. दोन्ही पट्ट्या त्या स्लॉटमध्ये चुकल्या, तर दोष स्लॉटचा किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरचा समजावा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

टिळकवाडी:
सहमत. रॅम निर्दोष ठरली, तरच प्रोसेसरकडे वळा. २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या काही रायझेनवर लिनक्समध्ये समांतर बिल्ड करताना नेमके असेच सेगमेंटेशन फॉल्ट येत होते आणि एएमडीने ते प्रोसेसर बदलून दिले होते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतही अस्थिरता आढळली. तिच्यासाठी २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला, जो बायोस अद्ययावत केल्यावर मिळतो.

शिवाय एक महत्त्वाचे. सदोष रॅम दरवेळी कंपायलर पाडतेच असे नाही. कधी ती गुपचूप चुकीचा कोड निर्माण करून मोकळी होते. त्यामुळे पट्टी बदलल्यानंतर कंपाइल होऊन तयार झालेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाईली आणि त्या जपून ठेवणाऱ्या सीकॅशचा साठा पुसून सर्व काही नव्याने बिल्ड करा, गिटच्या रिपॉझिटरीवर 'गिट एफएससीके' (साठवलेला कोड बिघडला आहे का ते तपासणारी आज्ञा) चालवा, आणि या काळात कारखान्याला दिलेली प्रत बदलून द्या.