‘मुंदे होगी’च्या तालावर म्हैसूर पॅलेस : तुमचे अनुभव सांगा

नाताळच्या सुट्टीत म्हैसूरला जायची चूक आम्ही केली. चूक गावाची नव्हे, आठवड्याची. म्हैसूर पॅलेसमध्ये, म्हणजे तिथल्या अंबाविलास राजवाड्यात शिरल्यावर पाच मिनिटांत कळलं की इथे आपण चालत नाही, आपल्याला चालवलं जातं. दोन्ही बाजूंना कठडे, रांग एकाच दिशेने वाहणारी आणि थोड्या थोड्या अंतरावर उभे असलेले रक्षक. तोंडात एकच पालुपद : “मुंदे होगी, मुंदे होगी.” कन्नडमध्ये म्हणे ‘पुढे जा’.

कल्याण मंडपात, म्हणजे वाड्यातल्या लग्नमंडपात, सासूबाई (वय ७४) मान वर करून उभ्या राहिल्या आणि मागून आलेल्या शाळेच्या सहलीने त्यांना अलगद उचलून पुढच्या दालनात नेऊन सोडलं. “अगं, ते मोर बघायचे राहिले की!” पण परत फिरायला वाट नाही. रक्षकाने नुसता हात पुढे केला. घरी आल्यावर त्यांनी मला चारदा तरी विचारलं, “छताला मोरच होते ना गं?”

आता मार्चमध्ये माझी बहीण निघाली आहे. सात माणसं, त्यात एक तीन वर्षांचं कार्टं आणि गुडघे दुखणारे काका. पॅलेस दहाला उघडतो, साडेपाचला बंद होतो हे मलाही माहीत आहे, ते नका सांगू. गर्दीत तुमचं काय झालं आणि पुन्हा गेलात तर काय वेगळं कराल, ते लिहा.

बंगळूरवासी :

चौदा वर्षं इथे आहे. घरी पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी म्हैसूर ठरलेलं, त्यामुळे हा पॅलेस किती वेळा पाहिला याची मोजदाद सोडून दिली आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा : आत मागे फिरता येत नाही. म्हणजे कुठे रेंगाळायचं आणि कुठे रांगेबरोबर वाहायचं, हे बाहेरच ठरवून जायचं.

क्रम साधारण असा असतो. सुरुवातीला बाहुल्यांचं दालन, कन्नडमध्ये गोंबे तोट्टी. दसऱ्याच्या मिरवणुकीतली सोन्याची अंबारी याच बाजूला ठेवलेली असते. वजन ७५० किलो. इथे सगळे ताजेतवाने असतात, मोबाइल पूर्ण चार्ज असतो, म्हणून इथेच पहिला तुंबारा होतो. अंबारीचे फोटो हवे तेवढे मिळतात, एक नजर टाका आणि निघा. मग पितळी हत्ती दरवाजा. त्यानंतर मिरवणुकीच्या चित्रांची भिंत आणि कल्याण मंडप. वेळ इथे खर्च करा. रांग मंडपाच्या कडेकडेने जाते. आतल्या बाजूने चालू नका, भिंतीच्या बाजूने चाला आणि एखाद्या खांबाच्या आडोशाला थांबा. आडोशाला उभ्या माणसाला फारसं कुणी हटकत नाही, वाटेत उभ्या माणसाला लगेच हटकतात.

मग राजघराण्याची चित्रं, मानपत्रांच्या चंदनी आणि चांदीच्या पेट्या, कुस्तीचं अंगण, आणि जिना चढून दरबार हॉल. गुडघेवाल्या काकांनी खरी ताकद या जिन्यासाठी राखून ठेवावी. वरचा दरबार एका बाजूने उघडा आहे, समोर मैदान, मोठं प्रवेशद्वार, वाराही येतो. लोक खांबांच्या रांगांचा फोटो काढतात आणि पळतात. तुम्ही कडेला जाऊन श्वास घ्या. शेवटी खासगी दरबार, म्हणजे ज्याच्यावरून वाड्याला नाव पडलं तो अंबाविलास. तिथे पोचेपर्यंत बहुतेक पाहुण्यांना भूक लागलेली असते आणि सगळ्यात देखणी खोली ते सगळ्यात घाईत बघतात. म्हणून सांगतो, नाश्ता भरपेट करून जा.

वेळेचं म्हणाल तर दहाच्या ठोक्याला गेटवर. बंगळूरहून सकाळी निघणाऱ्या गाड्या अकरा-साडेअकराला येऊन थडकतात. नवा महामार्ग झाल्यापासून तर जास्तच. तो पहिला तास तुमचा. आणि मंगळवार टाळा. मंगळवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, मग सहलींच्या बसगाड्या दुसरीकडे कुठे जाणार?

एका तीनवर्षीयाची आई :

बाबागाडी नेऊ नका. नेलीत तर ती तुम्हालाच उचलावी लागेल. मी पाठुंगळीची पिशवी, म्हणजे ते कॅरिअर नेलं होतं. गर्दीत मूल उंचावर राहतं, त्याला हवा लागते आणि आपले हात मोकळे राहतात. त्याच्या दंडावर पेनने माझा नंबर लिहिला होता. नवरा हसला. कल्याण मंडपात दुसऱ्याच कुणाचं तरी पोर रडत रक्षकाच्या कडेवर दिसलं, तेव्हा हसायचा थांबला.

शू आधीच करवून घ्या, मोठ्यांनीसुद्धा. एकदा रांगेत शिरलात की मध्येच बाहेर पडायची सोय नाही.

कोल्हापूरकर :

कुस्तीच्या अंगणाजवळ सगळी माणसं दोन मिनिटंबी थांबत न्हाईत, याचं मला लई वाईट वाटलं. आमचा जन्म तांबड्या मातीत गेला, म्हणून मी थांबलो. रक्षक आला, “मुंदे होगी”. मी त्याला मिशीवरनं हात फिरवून खुणेनं सांगितलं, आम्ही पैलवान. गडी हसला. दोन मिनिटं सवलत दिली भावा.

तर या वाड्यात विजयादशमीला सकाळी वज्रमुष्टी होती. जट्टी म्हणून मल्लांचा समाज हाय, त्यांचे दोन-दोन गडी, डोक्याचा गोटा केलेला, मुठीत काटेरी वज्र. समोरच्याच्या डोक्यातनं पयलं रक्त आलं की लढत खलास. कधी कधी मिनिटभरात निकाल. त्यानंतर दसऱ्याची मिरवणूक. आपल्याकडं दसरा चौकात सोनं लुटायला जातो तसं त्यांची मिरवणूक बन्नीमंटपाला जाती. बन्नी म्हंजे शमी. इथनं तिथनं सारखंच की.

टिप म्हणाल तर एकच. रक्षकावर डाफरू नका. दिवसभर तोच शब्द बोलून त्यांचा घसा बसलेला असतोय.

बेळगावची :

मुंदे होगी म्हणजे “पुढे जा” नव्हे हो, “पुढे जावा” आहे, आदरानं म्हणतात! आम्हाला दोन्ही भाषा कानात, म्हणून सांगितलं. गर्दीत थांबायचं असेल तर “स्वल्प निल्ली सार” म्हणायचं. स्वल्प म्हणजे थोडं, तो शब्द तर आपलाच. म्हातारी माणसं बरोबर असली की हे तीन शब्द तिकिटापेक्षा उपयोगी पडतात.

स्टेशनवरून येताना मात्र कन्नड येऊनही मी फसता फसता वाचले. रिक्षावाला म्हणाला, पॅलेस आज बारानंतर उघडणार, तोवर चंदनाच्या तेलाचं दुकान दाखवतो. मी म्हटलं, बंद दरवाजासमोर सोड, मी उभी राहीन. पोचलो तर दरवाजा उघडा. सोडलं मात्र त्याने पूर्वेच्या मोठ्या दरवाजाला. तिथून आत घेत नाहीत, प्रेक्षकांनी दक्षिणेच्या वराह दरवाजाने जायचं. उन्हात अर्धी प्रदक्षिणा. रिक्षात बसतानाच “वराह गेट” म्हणा.

निवृत्त शिक्षक :

धागाकर्तीच्या सासूबाईंना सांगा, मोरच होते. नुसते छताला नव्हे, पायाखालीही होते. कल्याण मंडपाच्या रंगीत काचांत मोर आहेत आणि फरशीच्या नक्षीतही मोर आहेत. गर्दीने मान वर करू दिली नाही तर खाली बघावे. अर्थात खाली बघायला तितकी जागा मिळाली तर.

मी विद्यार्थ्यांच्या सहली नेत असे, तेव्हा वाड्याची गोष्ट बसमध्येच सांगून टाकत असे. आत गोष्ट सांगायला उसंत नसते. १८९७ साली राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी वाडा जळाला. नव्या वाड्याचे काम हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडे गेले, सिमल्याचे व्हाइसरॉय निवासस्थान त्यांचेच. १९१२ मध्ये वाडा पूर्ण झाला. आगीचा धसका किती होता ते खांबांवर टिचकी मारून पाहिले असते तर कळले असते (मारू नये, कोणी तरी ओरडते). मंडपाचे खांब लोखंडाचे आहेत, ग्लासगोच्या ओतशाळेत ओतलेले. मुलांना एवढे आधी माहीत असले की ती आत गेल्यावर खांब शोधतात, एकमेकांना ढकलत नाहीत. मोठ्यांनाही हा उपाय लागू पडतो.

आता जरा बाजूचे. मधली चौदा-पंधरा वर्षे राजघराणे जगनमोहन पॅलेसमध्ये राहिले, १९०२ चा राज्याभिषेकही तिथेच झाला. तिथल्या संग्रहात हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’. शंभरातले नव्वद लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात आणि तसे छातीठोकपणे सांगतातही. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे आहे. शिवाय तैलरंगातले नव्हे, जलरंगातले. बोटांच्या आडून येणारा तो दिव्याचा उजेड पाण्याच्या रंगात काढलाय, हे कळल्यावर मी पुन्हा मागे जाऊन पाहिले. तिथे मागे फिरता येत होते! चित्रासाठी समोर उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. पुढे त्या कोल्हापूरला होत्या, गीता उपळेकर. २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. मराठी माणसाने म्हैसूरला जाऊन हे चित्र न बघता परत यावे, हे मला पटत नाही. दालन उघडे आहे ना, एवढी चौकशी मात्र आधी करावी.

टूरमधून गेलेली :

आमच्या टूरवाल्यांनी पॅलेसला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा चपला ठेवण्यात, पंधरा चपला शोधण्यात. उरलेल्या वीस मिनिटांत मी जे पाहिलं त्याला पॅलेस म्हणत नाहीत, पाठी म्हणतात. बुकिंग करतानाच विचारा, आत किती वेळ?

चपलांचं सविस्तर लिहिते, कारण माझी एक गेली. वाड्यात अनवाणी जायचं असतं. स्टँडवर प्रत्येकाने वेगवेगळी जोडी दिली की तितकीच टोकन, आणि टोकन हरवणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. घरून कापडी पिशवी न्या, सगळ्यांच्या चपला तिच्यात, टोकन एकच, तेही घरातल्या कडक माणसाकडे. दुसरं म्हणजे मोजे. आतली फरशी गार असते, छान वाटतं. बाहेर आल्यावर दगडी अंगण दुपारी तव्यासारखं. आमच्यातले एक काका, एरवी अतिशय गंभीर, त्या अंगणात अक्षरशः लंगडी घालत चपलांपर्यंत गेले. मार्च म्हणजे आणखी कठीण. जाडसर मोजे, जुने चालतील.

दसऱ्याला गेलेला :

सगळे म्हणतात दसऱ्याला जाऊ नका, मी म्हणतो जा, पण पॅलेस बघायला म्हणून जाऊ नका. त्या दिवसांत सोन्याचं सिंहासन जोडून मांडतात, एरवी ते बघायला मिळत नाही. पण खासगी दरबाराच्या वेळी आणि मुख्य दिवशी प्रेक्षकांना आत सोडत नाहीत, वेळा सारख्या बदलतात. आम्ही दोनदा दारावरून परत आलो.

खरी मजा आधीच्या आठवड्यांत आहे. हत्ती महिना-दीड महिना आधी जंगलातल्या छावण्यांतून येऊन पॅलेसच्या आवारात मुक्काम करतात. रोज सकाळी बन्नीमंटपापर्यंत चालायची तालीम, पाठीवर वाळूच्या गोण्या. रस्त्याच्या कडेला चहा घेऊन उभं राहायचं, तिकीट नाही. २०२० पासून अंबारी उचलणारा अभिमन्यू हत्ती माझ्यापासून दहा हातांवरून गेला. पायांचा आवाज अजिबात येत नाही. साखळीचा येतो फक्त.

आणि दिवे. दसऱ्यात रोज, एरवी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातला लाखभर बल्ब एकदम लागतात. एकदम म्हणजे एकदम, सगळ्या मैदानातून “आऽऽ” असा आवाज निघतो. पुढे घुसू नका. लांब, दरवाजाच्या बाजूला उभे राहा. अख्खा वाडा डोळ्यांत मावतो आणि बाहेर पडायलाही तुम्हीच पहिले.

बंगळूरवासी :

एक राहिलं. पूर्वी आत कॅमेरा नेऊ देत नव्हते, तेव्हा रांग भराभर सरकायची. आता मोबाइल चालतो, त्यामुळे प्रत्येक खांबाला एक सेल्फी. तुमच्या सातांपैकी एकालाच फोटोची जबाबदारी द्या, बाकीच्यांचे फोन खिशात. माझ्या मेव्हण्याच्या फोनमध्ये पॅलेसचे दोनशे फोटो आहेत. खासगी दरबाराच्या छताला काय होतं, हे त्याला अजून सांगता येत नाही.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. बहिणीला धागा पाठवला. बुधवार ठरला, दहाच्या आत वराह गेट, मग जगनमोहन. काकांसाठी जिन्याची सूचना वेगळी कळवली आहे.

गुरुजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. फरशीवरही मोर होते म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी त्यांच्यावर उभी होते?” आता सातांची आठ माणसं झाली आहेत. मोजे कुठल्या मापाचे घेऊ, ते त्या सकाळपासून विचारत आहेत.