लिफ्टमधील गुरगुर आणि कुत्र्याची देहबोली

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. काल सायंकाळी बी विंगच्या लिफ्टमध्ये एका सभासदांचा कुत्रा लहान मुलावर गुरगुरला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. दोन्ही कुटुंबांच्या संमतीने हा विषय येथे मांडत आहे. डॉक्टरकाका (ए-१०२), आपण पशुवैद्यक म्हणून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बी-५०३: कुत्रा शेपटी हलवत होता, म्हणून माझ्या मुलाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच क्षणी तो गुरगुरला. शेपटी हलवणाऱ्या कुत्र्याचाही भरवसा नसेल, तर मुलांना सांगायचे तरी काय? त्याला शिक्षा करून ही गुरगुरण्याची सवय मोडावी, असे मला वाटते.

ए-१०२: ताई, तुमची काळजी रास्त आहे, परंतु गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ती सूचना दिल्याबद्दल मार मिळू लागला, तर त्याची भीती तशीच राहते, फक्त सूचना देणे बंद होते, आणि मग तो कोणाच्या ध्यानीमनी नसताना थेट चावतो.

शेपटी हलते याचा अर्थ कुत्रा उत्तेजित आहे, एवढाच. अंग सैल सोडून, कंबरेपासून डुलत, शेपटी ऐसपैस हलत असेल तर तो खुशीत आहे. पण शेपटी ताठ उभारलेली असून तिचे टोक भराभर थरथरत असेल आणि छाती पुढे, तोंड मिटलेले, नजर रोखलेली असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये असेही दाखवले, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आला की डावीकडे. लिफ्टमध्ये उभे राहून एवढे बारकावे टिपता येणार नाहीत, म्हणून शेपटीपेक्षा चेहरा पाहावा, असे मी सांगतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसणे ही सारी अस्वस्थतेची चिन्हे आहेत. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, हालचाल करणारा कुत्रा एकाएकी दगडासारखा स्तब्ध झाला, तर हात तेथेच थांबवावा. लिफ्टमध्ये मागे सरकायला जागा नसते आणि वरून डोक्याकडे येणारा हात अनेक कुत्र्यांना धमकीसारखा वाटतो.

ए-७०१: डॉक्टर, आमचा कुत्रा लिफ्टमध्ये शिरल्यापासून जांभया देत होता, हे मला आता आठवते. आणखी एक विचारते. घरी काही नासधूस केल्यावर तो कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसतो. म्हणजे त्याला आपली चूक कळलेली असते ना?

ए-१०२: तसे दिसत नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काहीही न केलेल्या कुत्र्यांनीसुद्धा मालक रागावल्यावर तोच चेहरा केला. तुमचा आवाज चढल्यामुळे तो तुम्हाला शांत करू पाहतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने शेपूट पायांत घालून पलंगाखाली बसतो, तेव्हाही तो भ्यालेलाच असतो. त्या वेळी त्याला ओढून बाहेर काढू नये.

सी-३०४: पार्किंगमधील कुत्रीच्या कानाला खाच आहे. तिच्याजवळ जाणे सुरक्षित आहे का?

ए-१०२: ती खाच नसबंदी झाल्याची खूण आहे, स्वभावाचे प्रमाणपत्र नव्हे. तिच्याकडे टक लावून पाहू नये, अंगावरून वाकू नये आणि ती भुंकली तर पळू नये. थोडे तिरके उभे राहून हळूहळू दूर जावे. दात किंवा नख लागलेच, तर जखम १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

बी-५०३: धन्यवाद, काका. यापुढे मालकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असे मुलाला सांगितले आहे.

ए-७०१: लिफ्टमध्ये मूल असेल, तर आम्ही पुढच्या फेरीची वाट पाहू. रविवारी सकाळी बागेत पट्टा लावून त्याला आणते. तुमच्या मुलाची इच्छा असेल तर डॉक्टरांच्या उपस्थितीत दोघांची ओळख करून देऊ, पण मुलाजवळ जायचे की नाही हे कुत्र्याला ठरवू देऊ.