ठोकलेली 320डी लिलावातून घ्यावी का? बजेट 12 लाख, दुरुस्तीसकट

रंकाळा_साईड (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पुण्यात एका यार्डात बीएमडब्ल्यू 320डी पडून आहे, 2017 चं मॉडेल, पुण्याचंच पासिंग, इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केलेली. पुढनं बसलीय. बॉनेट, बंपर, दोन्ही हेडलाईट, रेडिएटर सगळं गेलंय, स्टेअरिंगची आणि डॅशबोर्डची एअरबॅग उघडलीय. दारं, काचा, मागची बाजू फोटोत तरी साफ दिसते. लिलाव ऑनलाईन आहे, साडेचार-पाच लाखाला सुटेल असं एजंट म्हणतोय. माझं बजेट सगळं मिळून 12 लाख, त्यात गाडी, दुरुस्ती, ट्रान्सफर, आणायचं भाडं सगळं आलं, वर एक रुपया नाही. असली गाडी कुणी उभी केली असेल तर सांगा की कागदांचं काय बघायचं, एअरबॅगचं काय करायचं आणि कोल्हापुरात काम कुणाकडं द्यायचं. दुसरी कुठली गाडी घ्यावी हे विचारत नाहीये.

पांढरा_रस्सा
भावा नाद सोड. थोडे अजून टाक आणि सरळ फॉर्च्युनर बघ. माझी दोन लाख किलोमीटर झाली, इंजिनला पाना लागलेला नाही, गगनबावड्याचा घाट असो नाहीतर शेताचा रस्ता, गाडी कुठं थांबत नाही. विकायला काढली तर उद्या दारात चार गिऱ्हाईकं.

रंकाळा_साईड
दादा, धड फॉर्च्युनर 12 मध्ये बसत नाही.

पांढरा_रस्सा
लोन काढायचं की. गाडी एकदाच होते.

निपाणीकर_डिझेल
मी दिल्लीची ऑडी आणलेली, ठोकलेली नव्हती, चालूच होती. तिकडं तेव्हा दहा वर्षांच्या डिझेलला बंदी म्हणून किंमत पाडून देत होते. गाडी मस्त, पण दुसऱ्या राज्यातनं आणली की एनओसी आणि आपल्या राज्याचा टॅक्स परत भरायचा, त्यातच जीव गेला. तुझी महाराष्ट्रातलीच आहे तर तो त्रास नाही, हे बरं केलंस. बाकी 320डी ला मायलेज चांगलं आहे, हायवेला मस्त देते. घे बिनधास्त.

शाहूपुरी_पेट्रोल
डिझेल कशाला पण? शहरात फिरवणार असेल तर डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरकडचा काजळी अडवणारा फिल्टर, चोक होणार. घर ते राजारामपुरी फिरायला डिझेल घेऊ नये, स्पष्ट मत.

निपाणीकर_डिझेल
आठवड्याला एकदा कागलपर्यंत हायवेला ताणून आण, कायबी चोक होत नाही. लोक गाडी चालवत नाहीत आणि डिझेलला नावं ठेवतात.

शाहूपुरी_पेट्रोल
म्हणजे डीपीएफसाठी दर आठवड्याला कागलला जायचं?

निपाणीकर_डिझेल
मग काय झालं, जायचं.

क्लेमची_फाईल
मी मोटर क्लेमच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, डिझेल-पेट्रोल बाजूला ठेवा. टोटल लॉस म्हणजे गाडी संपली असं नसतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात. आता सात-आठ वर्षांच्या लक्झरी गाडीची आयडीव्ही खाली आलेली असते आणि शोरूमचं एस्टिमेट मात्र सगळे नवे पार्ट नव्या दराने धरून केलेलं असतं. दोन एलईडी हेडलाईट आणि एअरबॅगचा सेट धरला तरी आकडा फुगतो. त्यामुळे दुरुस्त होण्यासारख्या गाड्याही लिलावाला येतात, तुम्हाला वाव आहे तो इथेच. पण बोली लावायच्या आधी एक गोष्ट लेखी विचारा: या गाडीचं आरसी चालू राहणार आहे की रद्द होणार आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली कायमची निकामी झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द करता येतं. एकदा रद्द झालं की ती गाडी म्हणजे पार्टचा ढीग, रस्त्यावर आणता येणार नाही, मग कितीही चकाचक करा. एजंट 'नंतर करून देऊ' म्हणतात, त्यावर जाऊ नका. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून आरसी ॲक्टिव्ह आहे का, बँकेचा बोजा आहे का, चलनं किती पेंडिंग आहेत ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाची सही लागते आणि क्लेम मिळालेला मालक पुन्हा सही करायला फिरकत नाही.

पांढरा_रस्सा
हेच म्हणतोय मी, फॉर्च्युनरला हे असलं काय नसतंय.

क्लेमची_फाईल
सेकंडहँड फॉर्च्युनरलाही हेच फॉर्म लागतात. आणि अजून एक, टोटल लॉस गाडीचे पेपर आणि चॅसिस नंबर वापरून चोरीची गाडी त्यावर चढवायचे धंदे होतात, पोलिसांनी अशा टोळ्या पकडलेल्या आहेत. म्हणून यार्डात गाडीवरचा चॅसिस नंबर स्वतःच्या डोळ्याने वाचा. आजूबाजूला ताजी वेल्डिंग किंवा घासल्याची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा.

पंचगंगा_काठ
ठोकलेली परवडली, पुरातली घेऊ नको. 2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा किती गाड्या बुडाल्या बघितल्यात, 2021 ला परत तेच. त्या गाड्या धुऊन, नव्या सीट कव्हर घालून लांब लांब विकल्या गेल्या. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटचा भाग बघायचा, तिथं चिखलाची रेघ राहते, ती कोण धूत नाही. कार्पेटखाली हात घालून वास घे.

रंकाळा_साईड
ही पुरातली नाही ओ काका, ठोकलेली आहे.

पंचगंगा_काठ
ठोकलेली पण पुरातली असू शकते. बघून घ्यायला काय जातंय.

बावड्याची_ताई
एअरबॅगचं विचारलंय म्हणून सांगते, बाकीच्यांनी त्यावर काहीच लिहिलं नाही. आमच्या ह्यांनी मागं एक मोठी सेडान घेतली, दुसऱ्या शहरातनं, एका डीलरकडनं, आतनं बाहेरनं नवीकोरी दिसणारी. एसीचा ब्लोअर वाजायला लागला म्हणून गॅरेजला डॅशबोर्ड उघडला तर एअरबॅगच्या जागी थर्माकोलचा ठोकळा. वरचं कव्हर चिकटवून रंग मारलेला, शिवण जिथं फाटायला पाहिजे तिथं मागनं जाड पट्टी लावलेली. मीटरमधला एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून कनेक्टरला एक बारकासा रेझिस्टर लावून ठेवलेला, मिस्त्रींनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. त्या सीटवर मी माझ्या पोराला मांडीवर घेऊन बसत होते. दादा, पैसे कुठंही वाचव, पण एअरबॅग जुनी टाकू नको आणि खोटी तर अजिबात नको.

उद्यमनगर_पत्रा
ताईंचं शंभर टक्के बरोबर हाय. मी पत्राकाम करतो, आमच्या वडलांपासनं. भावा तुला खरं सांगतो, पुढनं बसलेली गाडी तितकी अवघड नसते, बॉनेट, फेंडर, बंपर, सपोर्ट सगळं बोल्टवर असतंय, काढलं बसवलं. अवघड हाय ते त्याच्या मागं. बंपरच्या लोखंडी पट्टीमागं दोन्ही बाजूला क्रश बॉक्स असतात, मार त्यांनीच खायचा असतोय, ते दुमडलेत आणि त्यांच्या मागची चॅसिस लेग, म्हणजे सांगाड्याचा पुढं आलेला लांब दांडा, सरळ हाय तर गाडी घे. चॅसिस लेगला सुरकुती पडलीया, नाहीतर शॉकअपचा टॉप सरकलाय तर हात जोड आणि घरी ये. टेप ने, डाव्या शॉकअपच्या बोल्टपासनं उजव्या कोपऱ्यापर्यंत माप, मग उलटं माप, दोन्ही सारखं आलं पायजे. पुढची दोन्ही दारं उघडझाप करून बघ, दार खाली बसतंय का, खांबाजवळची फट वर आणि खाली सारखी हाय का. आताच्या गाड्यांच्या खांबाला लई कडक स्टील असतंय, त्याला कोण गॅसनं तापवून ओढला की त्याचा जोर गेला, वरनं पेंट कितीबी भारी मारा. माझं मत विचारशील तर मागनं ठोकलेली शोध, एअरबॅगचा खर्चच नाही.

गडहिंग्लज_एक्सप्रेस
मागनं ठोकली की क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, कापून वेल्डिंग करावं लागतं मिस्त्री. ते बोल्टवर नसतं.

उद्यमनगर_पत्रा
व्हय, ते आमचं काम हाय. कंपनीच्या वेल्डिंगच्या स्पॉटला स्पॉट घेऊन करायचं. एअरबॅगपेक्षा स्वस्त पडतंय ते.

गडहिंग्लज_एक्सप्रेस
आणि रंग बेळगावला मारून घ्या, पर्ल व्हाईट तिकडं एकच जण बरोबर मॅच करतो.

उद्यमनगर_पत्रा
कोल्हापुरात सगळं मॅच होतंय. बेळगावला कशाला जायला पायजे?

गडहिंग्लज_एक्सप्रेस
मी माझा अनुभव सांगितला. उन्हात उभी करून बघा, दार एक आणि फेंडर एक दिसतंय का.

जर्मन_वायरिंग
मी युरोपियन गाड्यांचं इलेक्ट्रिकल बघतो. दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत. 320डी ची बॅटरी डिक्कीत असते आणि प्लसच्या टोकाला एक सेफ्टी टर्मिनल असतं. एअरबॅग उघडण्याइतकी धडक बसली की ते स्वतः फुटून स्टार्टरकडं जाणारी केबल तोडतं, आग लागू नये म्हणून. मग गाडी स्टार्ट होत नाही आणि यार्डातला माणूस म्हणतो इंजिन गेलं. काही वेळा बोलीच त्यामुळं खाली राहते. आणि यार्डात कुणी डायरेक्ट वायर लावून इंजिन फिरवायला लागला तर हात धर, रेडिएटर फुटलाय म्हणजे आत कूलंट नाही. दुसरं, एअरबॅग म्हणजे फक्त दोन पिशव्या नव्हेत. पुढच्या दोन्ही बेल्टचे टेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा आवळणारे, फुटले असतील, पट्टा अडकून बसला असेल, तेही नवे लागतात. पुढचे सेन्सर, स्टेअरिंगमागची पट्टी आणि एअरबॅगचा मॉड्युल, त्यात धडक नोंदलेली असते. शेवटी नवे पार्ट गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखीचे करायचं, म्हणजे कोडिंग, करून घ्यायचं. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि थोड्या वेळानं विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कुणीतरी बल्बशी खेळलाय.

रंकाळा_साईड
हे सोन्यासारखं आहे साहेब. नवा सेट कितीला पडेल?

जर्मन_वायरिंग
नंबर टाकून पार्ट काढल्याशिवाय आकडा सांगत नाही, इथं आकडा टाकला की लोक तोच धरून बसतात. पण बजेटमधले मोठे पैसे हेडलाईट आणि एअरबॅग ह्या दोनच गोष्टी खाणार. हेडलाईट, कंडेन्सर, इंटरकूलर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर दिल्लीच्या मायापुरीत वापरलेले बघ, फक्त हेडलाईटच्या मागचे कान तुटलेले नाहीत ना ते बघून घे. एअरबॅग आणि बेल्ट नवेच.

पांढरा_रस्सा
बघा आता, हेडलाईट कुर्ल्याचा, कंडेन्सर दिल्लीचा, रंग बेळगावचा. फॉर्च्युनरचा पार्ट शिरोलीत मिळतो भावा.

क्लेमची_फाईल
गाडी तयार झाल्यावर इन्शुरन्सचं आधीच विचारून ठेवा. थर्ड पार्टी तर लागतेच, पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर, देताना कंपनी गाडी तपासायला माणूस पाठवते आणि जुना टोटल लॉस बघून नाही म्हणू शकते. दुरुस्तीचं प्रत्येक बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा.

रंकाळा_साईड
अपडेट देतो. काल पुण्याला जाऊन गाडी बघितली, सोबत मामाचा मुलगा होता, टेप घेऊन गेलेलो. क्रश बॉक्स दोन्ही दुमडलेत, चॅसिस लेग सरळ. दोन्ही बाजूची मापं जुळली, दारं बोटानं लागतात. चॅसिस नंबर साफ आहे. बॅटरीच्या टोकाचं टर्मिनल फुटलेलं आहे, वायरिंगवाल्या साहेबांनी लिहिलं तस्संच. आरसी ॲक्टिव्ह, बोजा उतरलेला, आणि आरसी रद्द होणार नाही हे मेलवर मागून घेतलं. पट्टापण पूर्ण ओढून बघितला काका, पुराची रेघ नाही. मागनं ठोकलेली एक मर्सिडीज तिथंच होती, मिस्त्रींचं ऐकून ती पण बघितली, पण मला 320डीच पाहिजे, लहानपणापासनं पाहिजे. आज बोली लागली, 4 लाख 70 हजारला मिळाली. एअरबॅग, बेल्ट नवेच घेणार, ताईंना शब्द देतो. हेडलाईट वापरलेले. पैसे कमी पडले तर रंग नंतर, बॉनेट दुसऱ्या कलरचं असलं तरी काही दिवस तसाच फिरेन.

पांढरा_रस्सा
अभिनंदन भावा. फॉर्च्युनरबद्दल माझं मत तेच आहे पण गाडी उभी राहिली की एक चक्कर दे.

शाहूपुरी_पेट्रोल
शेवटी डिझेलच घेतली.

बावड्याची_ताई
डॅशबोर्ड बसवताना स्वतः उभा रहा दादा आणि फोटो काढ.

उद्यमनगर_पत्रा
मागनं ठोकलेली घेतली असतीस तर बरं झालं असतं, पण आता आण, बघू. यार्डातनं उचलताना दोन्ही किल्ल्या सही करून घे, मागाहून कोण देत नाही, आणि नवी किल्ली लई महाग हाय. क्रेनवाल्याला सांग मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाहीत, मागच्या चाकावर चालणारी ऑटोमॅटिक हाय, गिअरबॉक्स जाईल. फ्लॅटबेडवरच चढव, आणि निघायच्या आधी फोन कर, जागा मोकळी करून ठेवतो.